गरिबीने राखलेली गावं

युरोपच्या सहलीहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये आयफेल टॉवर असतोच. पण फोटो दाखवताना त्याचा अंगठा रेंगाळतो तो कुठल्याशा छोट्या गावापाशी. उतरत्या लाल कौलांची घरं, खिडकीत फुलांच्या कुंड्या, दगडी फरसबंदीची गल्ली, टोकाला एखादा बुरूज. "सहाशे वर्षांपूर्वीचं आहे म्हणे, जसंच्या तसं," असं तो सांगतो. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "त्या लोकांना जुन्याची कदर आहे हो!"

हे दुसरं वाक्य जरा तपासून घ्यायला हवं. कदर हेच कारण असेल, तर ती पॅरिसला का नव्हती? फ्रान्सची राजधानी, कलेचं माहेरघर, पण मध्ययुगातलं पॅरिस शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं. १८५३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ओसमान नावाच्या अधिकाऱ्याला कामाला लावलं आणि पुढची सतरा वर्षं त्याने जुन्या गल्ल्याच्या गल्ल्या जमीनदोस्त केल्या. आज आपण ज्या रुंद, सरळ रस्त्यांचे आणि एकसारख्या इमारतींचे फोटो काढतो, ते बहुतेक या पाडापाडीनंतरचं पॅरिस आहे. रोममध्ये तर शतकानुशतकं कोलोसियमचे दगड काढून नेऊन नव्या इमारतींना लावले गेले. मग राजधान्यांत जे टिकलं नाही, ते आडबाजूच्या गावांत कसं टिकलं?

पुण्याच्या जुन्या पेठांत राहिलेल्याला हे चटकन समजेल. ज्या वाड्याच्या वारसांचं एकमत झालं आणि चांगला बिल्डर भेटला, तो वाडा गेला. तिथे आता पार्किंगवर चार मजले आहेत. उभा राहिला तो, ज्याचा दावा कोर्टात पडून आहे आणि ज्यात भाडेकरू अजून जुन्या भाड्याने राहतात. त्याचा कोरीव दिंडी दरवाजा आपण कौतुकाने पाहतो, पण तो कुणी हौसेने जपलेला नसतो. पाडायचं जमलेलं नसतं, एवढंच.

युरोपातल्या बहुतेक देखण्या गावांची गोष्ट अशीच सुरू होते. आधी भरपूर पैसा आला, म्हणून चांगलं बांधकाम झालं. मग पैसा अचानक आटला, म्हणून ते पाडून नवं बांधायची ऐपत राहिली नाही. जपणूक, कायदे, पर्यटन हे सगळं त्यानंतर कित्येक शतकांनी आलं. या तीन पायऱ्या डोक्यात ठेवून गेलं, की गाव पाहणं बरंच सोपं होतं.

बहात्तर मनोरे कशासाठी?

इटलीच्या तोस्काना प्रांतात, फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधे, टेकडीवर सान जिमिन्यानो नावाचं गाव आहे. द्राक्षमळ्यांतून बस वर चढू लागली की लांबूनच दगडी मनोरे दिसू लागतात. आज चौदा उरलेत. भरभराटीच्या काळात ते बहात्तर होते.

पैसा आला रस्त्यामुळे. इंग्लंडातल्या कँटरबरीपासून रोमपर्यंत यात्रेकरूंची एक वाट होती, 'व्हिया फ्रान्चिजेना'. ती या गावातून जायची. यात्रेकरूंना उतरायला जागा लागे, जेवण लागे. त्यांच्या मागोमाग व्यापारी आले. शिवाय गावच्या शिवारात उत्तम केशर पिकायचं आणि ते दूरदूरच्या बाजारांत विकलं जायचं. या पैशावर इथली घराणी गबर झाली आणि गबर झाल्यावर आपसांत भांडू लागली. आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची या दोन घराण्यांचं वैर गावभर पसरलं होतं. भांडणात उंच जागा आपल्याकडे असलेली बरी, आणि शेजाऱ्यापेक्षा आपला मनोरा चार हात वर गेलेला तर त्याहून बरा. अशी चढाओढ लागली. शेवटी १२५५ साली नगरपालिकेला फर्मान काढावं लागलं, की नगरभवनाच्या मनोऱ्याहून कुणीही उंच बांधायचं नाही. श्रीमंतांनी त्यातूनही वाट काढली. साल्वुच्चींनी शेजारीशेजारी दोन मनोरे उभे केले आणि उंचीची कसर संख्येने भरून काढली.

मनोऱ्याजवळ गेलात की भिंतीकडे नीट पाहा. दगडांत ओळीने चौकोनी भोकं दिसतात. ती परांचीच्या आडव्या तुळया रोवण्यासाठी ठेवलेली, आणि पुढे काही ठिकाणी त्यांतच तुळया घालून बाहेरून लाकडी सज्जे बांधले जात. मनोरा आतून इतका अरुंद असे की राहण्याची मुख्य सोय शेजारच्या घरात आणि या सज्जांवर. लाकूड कधीच गेलं, भोकं राहिली. आज आपल्याला दिसतो तो ओकाबोका दगडी खांब म्हणजे त्या घराचा केवळ सांगाडा आहे.

१३४८ साली प्लेगची साथ आली. गावातली फार मोठी लोकसंख्या गेली. हळूहळू यात्रेची मुख्य वाटही दुसरीकडून, सखल भागातून जाऊ लागली. १३५३ मध्ये खंगलेल्या गावाने फ्लॉरेन्सचं आधिपत्य पत्करलं आणि तिथून पुढे इथे सांगण्यासारखं काही घडलं नाही. हे 'काही न घडणं' महत्त्वाचं. फ्लॉरेन्समध्येही असेच मनोरे होते, किंबहुना कितीतरी जास्त. पण फ्लॉरेन्स श्रीमंत राहिलं, त्यामुळे तिथल्या सावकारांनी आणि सरदारांनी मनोरे उतरवले, त्यांचे दगड-भिंती नव्या प्रासादांत सामावून घेतल्या. सान जिमिन्यानोत प्रासाद बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. १९९० साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं, तेव्हा त्यात या दैन्याचा मोठा वाटा होता.

गाळ, लढाई आणि यंत्रं

पैसा आटण्याची कारणं गावोगाव वेगळी.

बेल्जियममधल्या ब्रुज शहराचं नशीब पाण्याने घडवलं आणि पाण्यानेच बिघडवलं. ११३४ साली मोठं वादळ होऊन समुद्राचं पाणी आत घुसलं आणि झ्विन नावाची खाडी तयार झाली. त्या वाटेने गलबतं ब्रुजच्या दारापर्यंत येऊ लागली. लोकर, कापड, मसाले यांचा उत्तर युरोपातला मोठा बाजार इथे भरू लागला. पंधराव्या शतकात खाडी गाळाने भरत गेली, राजकारणही बिनसलं आणि व्यापाऱ्यांनी बाडबिस्तरा अँटवर्पला हलवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रुज हे बेल्जियममधलं अतिशय दरिद्री शहर होतं. कारखाने आले नाहीत, म्हणून जुन्या इमारती पाडून त्या जागी चिमण्या उभ्या राहिल्या नाहीत. त्याच सुमारास वॉटर्लूचं रणांगण पाहायला निघालेले ब्रिटिश प्रवासी वाटेत इथे थांबू लागले आणि त्यांना हे झोपलेलं शहर फारच आवडलं.

एक गोष्ट मात्र गाइड सहसा सांगत नाही. ब्रुजचे कालव्याकाठचे कित्येक 'मध्ययुगीन' दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकात त्या जुन्या थाटात नव्याने केलेले आहेत. पर्यटकांना जुनं आवडतं हे कळल्यावर ते थोडं अधिक जुनं करण्यात आलं.

जर्मनीतल्या टाउबर नदीकाठच्या रोथेनबुर्गचा घात युद्धाने केला. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, कॅथलिक सेनापती टिली याने ते घेतलं. पाठोपाठ १६३४ मध्ये प्लेग आला. गाव जे बसलं ते अडीचशे वर्षं उठलं नाही. नगराध्यक्षाने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन दाखवली आणि खूश झालेल्या टिलीने गाव जाळलं नाही, ही कथा तिथे जागोजागी ऐकवली जाते, चौकातल्या घड्याळातल्या बाहुल्याही ठरल्या तासाला तो प्रसंग करून दाखवतात. कथा मजेदार आहे, पण ती खूप नंतर रचलेली. तिच्यावरचं नाटक रंगमंचावर आलं १८८१ मध्ये, म्हणजे रेल्वे येऊन पर्यटक यायला लागल्यावर.

इंग्लंडात कॉट्सवोल्ड्स या डोंगराळ भागातली मधाच्या रंगाची दगडी घरं लोकरीच्या पैशावर उभी राहिली. उत्तरेकडे यॉर्कशरात यंत्रांवर कापड निघू लागलं आणि इथले हातमाग बसले. बिबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग मुळात चौदाव्या शतकातलं लोकरीचं गोदाम. पुढे ते विणकरांना राहायला दिलं गेलं. त्या रांगेचं चित्र काही ब्रिटिश पासपोर्टांच्या आतल्या पानावर छापलेलं होतं.

मग जपणूक आली कुठून?

दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनचा किल्ला हे याचं उत्तम उदाहरण. दुहेरी तटबंदी, बावन्न बुरूज. लहान मुलाने किल्ल्याचं चित्र काढावं तसा दिसतो. १६५९ साली फ्रान्स आणि स्पेनमध्ये तह होऊन सरहद्द दक्षिणेला सरकली, तेव्हा या किल्ल्याला काम उरलं नाही. आत झोपड्या झाल्या, लोक तटाचे दगड काढून नेऊ लागले. १८४९ च्या सुमारास सरकारनेच तो पाडायचं ठरवलं. गावातल्या एका इतिहासप्रेमी माणसाने आरडाओरडा केला, लेखक प्रॉस्पेर मेरिमे त्याच्या बाजूने उभा राहिला आणि निर्णय फिरला. १८५३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पॅरिसमध्ये ओसमानची पाडापाडी सुरू झाली त्याच वर्षी, व्हियोले-ल्-द्युक या वास्तुविशारदाने कार्कासोनची तटबंदी सावरायला घेतली.

त्याने ती जरा जास्तच सावरली. बुरुजांवर त्याने निळसर-काळ्या पाटीच्या दगडाचे टोकदार छत्रीसारखे माथे चढवले. ही तऱ्हा उत्तर फ्रान्सची. दक्षिणेत पसरट, लाल कौलं असतात. त्यावरून तेव्हाही टीका झाली. याच वृत्तीच्या विरोधात इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८७७ साली संस्था काढली आणि आग्रह धरला, की जुनी इमारत डागडुजी करून राखा, तिला तुमच्या कल्पनेतलं रूप देऊ नका. हा वाद आजही मिटलेला नाही आणि आपल्याकडच्या किल्ल्यांच्या कामांनाही तो तितकाच लागू पडतो.

कायदे आणखी उशिरा आले. सुरुवातीला एकेक चर्च, एकेक राजवाडा यांना संरक्षण मिळे. इटलीत १९६० साली गुब्बिओ इथे भरलेल्या परिषदेने मांडलं, की सुटी इमारत वाचवून भागत नाही, सबंध जुनं गावठाण हेच स्मारक समजा. फ्रान्सने १९६२ मध्ये तसा कायदा केला. तो असा चालतो : संरक्षित भागातलं घर तुमच्या मालकीचं असलं तरी खिडकीची चौकट, भिंतीचा रंग, कौलांचा प्रकार बदलायचा तर सरकारी वास्तुविशारदाची मंजुरी लागते. त्या बदल्यात दुरुस्तीच्या खर्चावर करात सवलत मिळते. आत मात्र आधुनिक स्वयंपाकघर, हीटर चालतात. म्हणून गल्लीतून चौदावं शतक दिसतं आणि दाराआड डिशवॉशर चालू असतो. नुसती सक्ती असती तर लोक घरं सोडून गेले असते. सक्ती आणि सवलत अशी दुहेरी बांधणी हे त्या कायद्याचं खरं शहाणपण.

आणि काही गावं आपण जुनी समजतो ती मुळात पुन्हा बांधलेली आहेत. रोथेनबुर्गवर ३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकी बाँब पडले आणि जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग गेला. (नाझींनी या गावाला 'आदर्श जर्मन गाव' म्हणून मिरवलं होतं आणि १९३८ मध्ये इथल्या ज्यू रहिवाशांना हाकलून दिलं होतं, हेही कुंड्यांचे फोटो काढताना माहीत असावं.) पूर्वेकडचा भाग नंतर जुन्या आखणीवर नव्याने उभा केला. तटबंदीसाठी जगभरातून मदत मागितली. अमुक इतके पैसे द्या, इतके मीटर भिंत तुमच्या नावे. तटावरून चालत गेलात की भिंतीत बसवलेल्या छोट्या दगडी पाट्या दिसतात. त्यांवर नावं आणि मीटरचा आकडा. जर्मन नावांच्या शेजारी अमेरिकी आणि जपानी नावंही आहेत.

पिसाचा मनोरा का पडला नाही?

गावांना गरिबीने वाचवलं, तसं एका अतिप्रसिद्ध इमारतीला रखडलेल्या कामाने वाचवलं.

पिसाचा मनोरा कलला, यात नवल नाही. ११७३ साली ज्या जमिनीवर तो बांधायला घेतला, तिच्यात वाळू, गाळ आणि मऊ चिकणमाती आहे. खरं नवल हे, की तो बांधता बांधताच कोसळला कसा नाही. उत्तर चिकणमातीच्या स्वभावात आहे. या मातीच्या बारीक कणांमध्ये भरपूर पाणी असतं. वर वजन आलं की ते पाणी बाहेर पडू लागतं आणि माती घट्ट, मजबूत होते. पण कण इतके बारीक की पाण्याला निसटायला वर्षानुवर्षं लागतात. वजन भराभर चढवलं तर पाणी निघायच्या आतच माती बाजूला सरकते आणि वरचं बांधकाम आडवं होतं.

पिसाच्या गवंड्यांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत काम आणलं आणि ११७८ च्या सुमारास ते थांबलं. पिसा सतत कुणाशी ना कुणाशी लढत होतं. पुन्हा कामाला हात लागला तो १२७२ मध्ये. मधल्या जवळपास शंभर वर्षांत खालची माती दाबली जाऊन बरीच सशक्त झाली होती. नंतर पुन्हा खंड पडला आणि घंटाघर बसवून मनोरा पुरा व्हायला १३७२ साल उजाडलं. तज्ज्ञांचा हिशेब असा, की काम सलग झालं असतं तर मनोरा मध्ययुगातच पडला असता.

जवळून पाहताना एक गंमत तपासा. मनोरा सरळ रेषेत कललेला नाही. तो किंचित वाकडा आहे. वरचे मजले बांधताना गवंड्यांना कल दिसत होता, म्हणून ते प्रत्येक मजला सरळ करायचा प्रयत्न करत गेले. त्यामुळे वरचा भाग खालच्यापेक्षा कमी कललेला आहे.

१९९० मध्ये मनोरा लोकांसाठी बंद केला. त्याच्या आदल्याच वर्षी पाव्हिया शहरातला जुना मनोरा अचानक कोसळून चार माणसं गेली होती. पिसात अभियंत्यांनी आधी उत्तरेच्या, म्हणजे वर उचललेल्या बाजूवर शिशाच्या लगडी रचल्या. मग त्याच बाजूच्या पायाखालून तिरप्या नळ्या घालून थोडी थोडी माती काढली. कललेल्या बाजूला टेकू देण्याऐवजी दुसरी बाजू अलगद खाली बसवली. मनोरा सुमारे अर्धा अंश मागे आला. माथ्याशी मोजलं तर हे अंतर ४० सेंटिमीटरहून जास्त. डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. पूर्ण सरळ करायचा विचार कुणी केला नाही, कारण सरळ मनोरा पाहायला पिसाला कोण येणार?

वर चढायचं असेल तर वेळ ठरवून तिकीट आधी काढावं लागतं, आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत आणि पिशव्या खाली ठेवाव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर शेजारच्या हिरवळीवर बसा. हाताने मनोरा थोपवल्याची पोझ देणारी माणसं बघण्यात तासभर सहज जातो.

मान वर करून चाला

गावात शिरल्यावर नजर दुकानांच्या काचांवर जाते. तळमजला बहुतेक बदललेला असतो. जुनं पाहायचं तर वरच्या मजल्यांकडे पाहावं.

जर्मनीत आणि फ्रान्सच्या अल्सास भागात (कोलमार, एगिसाइम ही गावं इथली) घरांच्या भिंतींवर काळ्या-तपकिरी लाकडाच्या उभ्या-आडव्या-तिरप्या पट्ट्या दिसतात. ती सजावट नव्हे, घराचा सांगाडा आहे. ओकच्या तुळया खाचा पाडून एकमेकींत अडकवायच्या, लाकडी खुंट्या ठोकून पक्क्या करायच्या आणि मधल्या चौकटी कुडाने भरायच्या. काटक्या विणून त्यावर माती-पेंढ्याचा गिलावा, म्हणजे कोकणी माणसाला नवं काहीच नाही. तिरप्या लाकडांमुळे वाऱ्याने चौकट कलत नाही. ओक ओला असतानाच वापरत. वाळताना तो थोडा पिळतो आणि म्हणूनच त्या घरांच्या रेषा अशा वाकड्यातिकड्या असतात.

वरचा मजला खालच्याहून पुढे आलेला दिसतो. त्यामुळे जागा वाढते, खालच्या मातीच्या भिंतीवर पाऊस येत नाही आणि तुळयांच्या पुढे काढलेल्या टोकांवर भार आल्याने खोलीच्या मध्याची झोळ कमी होते. तटबंदीच्या आत जागा मोजकी असल्याने गल्लीच्या वरची हवाही वापरून घेतली जाई. अगदी वर, छपराच्या त्रिकोणात एखादं दार आणि त्याच्यावर बाहेर आलेली तुळई दिसली, तर ते धान्य वर ओढून घेण्याचं ठिकाण. वेढा पडला तर उपाशी मरू नये म्हणून माळे धान्याने भरलेले असत. रोथेनबुर्गच्या छपरांवर खिडक्यांच्या दोन-दोन, तीन-तीन ओळी आहेत, त्या या माळ्यांना वारा मिळावा म्हणून.

आठशे माणसांचं गाव, दहा हजार पाहुणे

तिसरी पायरी पर्यटनाची, आणि तिथे आता गणित उलटं होऊ लागलंय.

ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे डोंगर आणि तळं यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं आहे. डोंगरात मिठाची खाण आहे आणि मीठ इथे हजारो वर्षं काढलं जातंय. लोहयुगाच्या एका सबंध कालखंडाला पुरातत्त्वज्ञांनी याच गावाचं नाव दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गावाला धड गाडीरस्ता नव्हता, होडीनेच जावं लागे. जागेची टंचाई एवढी, की कबरस्तानही पुरत नसे. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडून कवटी बाहेर काढत, उन्हात पांढरी होऊ देत आणि तिच्यावर पानाफुलांची वेल व मृताचं नाव रंगवून छोट्या चॅपेलमध्ये मांडून ठेवत. तिथे बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, निम्म्या रंगवलेल्या. शेवटची कवटी ठेवली गेली १९९५ मध्ये, एका बाईची. तशी तिची इच्छा होती. भीतिदायक वाटेल असं वर्णन आहे, पण प्रत्यक्षात ती खोली घरगुती वाटते : नावं, तारखा, गुलाबाची पानं.

या गावात आठशेहून कमी लोक राहतात आणि गर्दीच्या दिवशी १०,००० पर्यंत पर्यटक येतात. २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात या गावाची हुबेहूब नक्कलच उभी राहिली, तेव्हा तरी गर्दी घटेल असं वाटलं असेल. उलट असली पाहायला आणखी लोक आले. आता बसना ठरावीक वेळेचा परवाना घ्यावा लागतो. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांवर ५ युरो शुल्क लावलं. त्याच्या कितीतरी आधी, २०१३ मध्ये, इटलीतल्याच चिव्हिता दि बान्योरेज्जो या धसणाऱ्या टेकडीवरच्या, मोजक्याच रहिवाशांच्या गावाने पुलावर तिकीट लावायला सुरुवात केली होती.

हे लोक आगाऊ आहेत असं समजू नका. सकाळी दहा ते चार एवढ्या वेळात येऊन, एक आइस्क्रीम खाऊन, स्वच्छतागृह वापरून जाणाऱ्या पाहुण्याकडून गावाला मिळतं फार थोडं आणि पाणी, कचरा, सफाई यांचा खर्च मात्र पुरता पडतो.

बस, घड्याळ आणि संध्याकाळ

मराठी पर्यटक बहुतांशी मे महिन्यात, गटाने आणि बसने जातो. मे वाईट नाही. हवा छान असते आणि उजेड रात्री नऊपर्यंत. वाईट असते ती वेळेची वाटणी. "दीड तासात बसपाशी या" म्हणून गाइड ओरडतो त्याला कारण आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे चालकाने साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यायलाच हवी आणि दिवसाला साधारण ९ तासांहून जास्त चालवता येत नाही. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवतं आणि पोलीस ते तपासतात. तुमचे दोन मित्र दुकानात रेंगाळले तर चालक चिडतो तो त्यामुळे. त्याचा परवाना पणाला लागलेला असतो.

पण याच घड्याळापायी गट गावातून चार वाजता निघतो आणि सातला महामार्गालगतच्या भारतीय हॉटेलात पनीरची भाजी खातो. नेमक्या त्याच वेळी मागे राहिलेल्या गावात बसगाड्या गेलेल्या असतात, भिंतींवर तिरपं ऊन असतं, शाळेतली पोरं चौकात फुटबॉल काढतात आणि दुकानदाराला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. गाव पाहायची वेळ ती. यासाठी मुक्काम गावातच हवा.

> निघण्यापूर्वी
>
> व्हिसा : शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा.
>
> पोचायचं कसं : रोथेनबुर्गसाठी श्टाइनाखला गाडी बदला. सान जिमिन्यानोला स्टेशन नाही, पोज्जिबोन्सीहून बस. हालश्टाटचं स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे, गाडीच्या वेळेला होडी असते.
>
> गाडी भाड्याने घेतलीत तर : इटलीतल्या गावठाणांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि 'झेडटीएल' अशी अक्षरं दिसली की थांबा. कॅमेरा फोटो घेतो, दंड घरपोच येतो.
>
> जेवण : फ्रान्स-इटलीत दुपारी अडीच ते संध्याकाळी सातपर्यंत बरीच स्वयंपाकघरं बंद. शाकाहारी सूप मागवतानाही 'मांसाचं पाणी नको' असं स्पष्ट सांगा. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद.
>
> सामान : दगडी फरसबंदीवर चाकांची मोठी बॅग ओढवत नाही. पाठीवरची पिशवी बरी. चर्चमध्ये जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

कुठलं गाव निवडायचं, याला माझं उत्तर : ज्याचं नाव फोटोंमुळे ऐकलं आहे, त्याच्या शेजारचं. फ्रान्समध्ये १९८२ साली कॉलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या गावच्या महापौराने 'सर्वांत सुंदर गावांची' संघटना काढली. वस्ती दोन हजारांच्या आत आणि किमान दोन संरक्षित स्थळं, या अटी पुऱ्या करणाऱ्या गावांनाच ती घेते. इटलीतही २००१ पासून तशी संघटना आहे. या याद्यांतली बहुतेक गावं आपल्या सहल कंपन्यांच्या पत्रकात कधीच नसतात, आणि तिथे चहाकॉफीचे भावही माणसासारखे असतात.

गटानेच जायचं असेल आणि पंधरा दिवसांत नऊ देश असा कार्यक्रम समोर आला, तर पैसे भरण्याआधी एवढं मागून पाहा : तीन देश कमी करा आणि तेवढ्या रात्री दोन छोट्या गावांत तटबंदीच्या आत द्या. एकट्याने मागितलं तर ऐकणार नाहीत. पाचसहा कुटुंबांनी मिळून मागा.